गांवची विहीर आणि तिच्या वरचीं शेतें

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, औतें, बाजारभाव इत्यादि विषयांवर अधिकारी लेखकांचे लेख नेहमीं येत असतात. प्रस्तुत लेखक शेतकीशास्त्राचा पदवीधर नाहीं. त्याची सारी हयात महसूलखात्यांत कारकुनी करण्यांत गेली, आणि सात-बाराच्या उताऱ्यांपलीकडे शेताशीं त्याचा संबंध रजेच्या दिवसांपुरताच राहिला. तथापि नोकरींत असतांना एक गोष्ट वारंवार कागदावर दिसली होती, व सेवानिवृत्तीनंतर तीच स्वतःच्या दाराशीं येऊन उभी राहिली. म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

उन्हाळा लागून गांवोगांवच्या टँकरच्या मागण्या कचेरींत येऊं लागल्या म्हणजे त्यांची यादी करण्याचें काम बरींच वर्षें माझ्याकडे असे. टँकर मागणाऱ्या गांवची विहीर आटलेली असावी असें सामान्यतः वाटतें, आणि बहुतेक ठिकाणीं तसेंच असे. परंतु मधून मधून एखाद्या मागणीवर निराळाच शेरा येई: ‘विहिरीस पाणी आहे, पिण्यास अयोग्य.’ पाऊस पडला नाहीं तर आपण देवाला बोल लावतों. पण भरल्या विहिरीच्या कांठीं बसून टँकरची वाट पाहण्याची पाळी कोणी आणली, हा प्रश्न मला त्या वेळीं सुचला नाहीं. शेरा यादींत उतरून घेतला कीं माझें काम संपे.

तो प्रश्न सुचण्यास स्वतःचेंच गांव कारण झालें. आमच्या गांवची पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याच्या कांठीं आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे गेला, आणि पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचा अहवाल परत आला. तो ग्रामसभेंत वाचला गेला. कोणी कोणाचें नांव घेतलें नाहीं. घरीं येऊन मीं गांवचा नकाशा उघडला, आणि जुन्या संवयीनें विहिरीच्या वरच्या अंगाचे गट क्रमांक कागदावर उतरूं लागलों. यादींतील पहिला गट आमचाच निघाला. तो माझा धाकटा बंधु कसतो. त्यांत ऊंस असतो, आणि गटाच्या खालच्या कोपऱ्यांत, विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर, वडिलांच्या वेळेपासूनचा आमचा उकिरडा आहे. त्या दिवसांत माझ्या नातीला चौथा महिना चालू होता, आणि तिच्यासाठीं दुधाची भुकटी सूनबाई त्याच विहिरीच्या पाण्यांत कालवीत असे. पाणी ती न चुकतां उकळून घेई.

आतां हें नायट्रेट म्हणजे काय तें पाहूं. शेणखत असो, सोनखत असो वा युरिया असो, त्यांतील नत्राचें जमिनींतील सूक्ष्म जंतूंच्या योगानें शेवटीं नायट्रेट होतें, आणि पिकाचें मूळ मुख्यत्वेंकरून याच रूपांत नत्र घेतें. तेव्हां नायट्रेट हें विष नव्हे, पिकाचें अन्न आहे. परंतु पिकानें न घेतलेलें नायट्रेट पिण्याच्या पाण्यांत उतरलें म्हणजे गोष्ट बदलते. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा दर लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या मुलाच्या पोटांत तें अधिक गेल्यास त्याचें नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति खुंटते. मुलाचे ओठ व नखें निळसर पडतात, आणि वेळीं उपाय न झाल्यास जीवावर बेततें. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत हंटर कॉम्ली या वैद्यानें १९४५ सालीं हा प्रकार प्रथम उजेडांत आणला. त्यानें पाहिलेलीं मुलें शेतावरच्या घरांतील होतीं, आणि त्यांचें दूध शेतांतल्याच विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें होतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उकळल्यानें पाण्यांतील रोगजंतु मरतात, हें खरें. परंतु नायट्रेट हा जंतु नाहीं, तो क्षार आहे. पाणी उकळलें कीं वाफ निघून जाते आणि क्षार मागें राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण उलट वाढतें. ब्लीचिंग पावडरनेंही तें जात नाहीं. आमची सूनबाई मुलीच्या काळजीनें जें करीत होती, त्यानें अपाय कमी न होतां वाढतच होता. सुदैवानें मुलीस कांहीं झालें नाहीं. त्या रात्रीपासून तिचें पाणी दुसरीकडून आणूं लागलों. पण प्रत्येक घरास ही गोष्ट वेळेवर कळेलच असें नाहीं.

हें नायट्रेट विहिरींत येतें कोठून? विहिरीचें पाणी म्हणजे विहिरीच्या तोंडावर पडलेला पाऊस नव्हे. वरच्या उतारावरील शेतांत जो पाऊस जिरतो, तो माती व मुरूम यांतून उतरत उतरत, खडकाच्या सांध्यांतून वाट काढीत झऱ्यानें विहिरींत येतो. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. या खडकांत पाणी राहतें तें मुख्यतः वरच्या कुजक्या मुरमाच्या थरांत आणि भेगांत. वाळूच्या जाड थरांतून पाणी हळूहळू गाळलें जातें. तसें गाळणें भेगेंत होत नाहीं. त्यांतून आपली काळी जमीन उन्हाळ्यांत हात हात भेगाळते, आणि पहिल्या वळवाचें पाणी पृष्ठभागावर जें असेल तें घेऊन थेट खालीं जातें. स्फुरद मातीस धरून राहतें. नायट्रेट मात्र मातीला चिकटत नाहीं. पाणी जाईल तिकडे तें जातें.

आतां थोडा हिशेब करूं, कारण हिशेबाखेरीज मलाही हें पटलें नव्हतें. हल्लीं युरियाचें पोतें ४५ किलोचें येतें. त्याचा दहावा भाग, म्हणजे साडेचार किलो युरिया, पिकाला न लागतां पाण्याबरोबर खालीं गेला असें धरा. युरियांत नत्र शेंकडा ४६, म्हणून या साडेचार किलोंत सुमारें २ किलो नत्र आहे. त्याचें नायट्रेट होतांना प्राणवायूचें वजन मिळतें व तें सुमारें ९ किलो भरतें. नऊ किलो म्हणजे ९० लक्ष मिलिग्रॅम. दर लिटरास ४५ या मर्यादेनें भागिलें असतां उत्तर येतें २ लक्ष लिटर. ६ मीटर व्यासाच्या विहिरींत ७ मीटर पाणी उभें असलें, तर तें पाणीही जवळजवळ २ लक्ष लिटरच भरतें. अर्थात् एका पोत्याचा दहावा हिस्सा अगदीं निर्मळ अशा भरल्या विहिरीस मर्यादेवर आणून ठेवण्यास पुरेसा आहे. आमच्या शेतांत दरवर्षीं किती पोतीं पडतात, तें मीं कागदावर लिहिलें नाहीं. बंधूला तें तोंडपाठ आहे.

दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर हा खिशाचाही तोटा आहे. दिलेल्या नत्रापैकीं निम्म्याहून अधिक भाग पुष्कळदा पिकाच्या हातीं लागत नाहीं; कांहीं हवेंत उडतो, कांहीं पाण्याबरोबर उतरतो. विहीर बिघडविणारें नत्र आपणच पैसे मोजून आणलेलें असतें.

‘पाण्याचा दोष ही डॉक्टरांनीं पाहावयाची गोष्ट, त्यांत शेतकऱ्यानें काय करावें?’ असें कोणी म्हणतील. त्यांस नारूची आठवण द्यावीशी वाटते. पूर्वीं आपल्या पुष्कळ गांवीं पायऱ्यांच्या विहिरी असत. नारूचा रोगी पाणी भरण्यास पायऱ्या उतरून गेला, कीं त्याच्या पायाच्या फोडांतून नारूचीं पिल्लें पाण्यांत पडत. तेथील बारीक जलकीटक तीं गिळीत, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांत वर्षाच्या आंतबाहेर हातभर, दोन हात लांबीचा किडा तयार होई. या रोगावर लस नाहीं व किडा मारणारें औषधही नाहीं. तरीसुद्धां भारतांत शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. पायऱ्या बुजवून विहिरींस कठडे बांधले, पाणी गाळून घेतलें, रोग्यास पाण्यांत उतरूं दिलें नाहीं; मुख्यतः एवढ्यानेंच हें झालें. जें पाण्यांतून काढतां येत नाहीं, तें पाण्यांत जाऊं न देणें हाच उपाय, हा त्यांतील धडा आहे. नायट्रेट व कीटकनाशकें यांस तो तंतोतंत लागू पडतो. आणि तीं पाण्यांत जाऊं न देणें हें वरच्या शेतकऱ्याच्याच हातीं आहे.

याकरितां करावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणें आहेत.

(१) उकिरडा व गोठा. शौचाचा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट, दूर असावा असा सर्वसाधारण सल्ला आहे. उकिरड्यासही हें अंतर कमींत कमी समजावें. भेगाळ खडकाच्या मुलखांत तें जितकें वाढवितां येईल तितकें वाढवावें, आणि उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगास न्यावा. खताचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल खणूं नये. तसें करणें म्हणजे खताचा रस झऱ्याच्या तोंडीं देणें होय. तळ चोपून घट्ट करावा किंवा फरशीचा करावा, भोंवतीं वरंबा घालावा, व पावसाळ्यांत वर आच्छादन ठेवावें. यानें खताचा कसही वाहून जात नाहीं. गोठ्यांतील मूत नाल्यांत न सोडतां खतांत जिरवावें.

(२) नत्राची मात्रा व वेळ. माती तपासून मग खत ठरवावें. दिलेलें नत्र पीक जसजसें मागेल तसतसें, हप्त्यानें द्यावें. पाडेगांव येथील ऊंस संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणें सुरू उंसास हेक्टरीं २५० किलो नत्र लागतें, म्हणजे एकरीं युरियाचीं सुमारें ५ पोतीं. तेंही एकदम द्यावयाचें नाहीं: लागणीच्या वेळीं १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनीं ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनीं १० टक्के, व मोठ्या बांधणीच्या वेळीं ४० टक्के. मोठा पाऊस येण्याच्या रंगांत असतांना युरिया फेंकूं नये, आणि फेंकून वर पाट भरून पाणी सोडूं नये. मात्रा मातीआड केली तर नत्र कमी उडतें. तूर, मूग, उडीद यांसारखीं द्विदल पिकें फेरपालटींत ठेवल्यास विकतच्या नत्राची गरज कमी होते.

(३) ठिबकांतून खत. ही पद्धत उत्तम, कारण खत मुळाशींच जातें. परंतु तींत एक धोका आहे. वीज गेली व पंप बंद पडला, कीं नळींतील पाणी उलट फिरून विहिरींत उतरतें, आणि त्यांत विरघळलेलें खत असतें. एतदर्थ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणून जी झडप मिळते, ती बसविल्यावांचून खताची टांकी जोडूं नये.

(४) औषधें व तणनाशकें. फवारणीचा पंप विहिरीवर, ओढ्यावर किंवा हातपंपाच्या ओट्यावर धुऊं नये. औषध शेतांतच, पाणवठ्यापासून दूर कालवावें. रिकामी बाटली तीन वेळां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें, म्हणजे औषध वायां जात नाहीं व बाटलींत विषही उरत नाहीं. ती बाटली घरीं कोणत्याही उपयोगास आणूं नये. मका व ऊंस यांत वापरलें जाणारें अट्राझीन हें तणनाशक पाण्याबरोबर खोल उतरणारें आहे. विहिरीलगतच्या पट्ट्यांत त्याऐवजीं खुरपणी व कोळपणीच करावी.

(५) बांध व गवताचा पट्टा. ओढ्याच्या व विहिरीच्या बाजूस नांगराचें तास अगदीं कडेपर्यंत नेऊं नये. कांहीं हात रुंदीचा पट्टा गवतास सोडावा. वाहून येणारी माती व तिला चिकटलेलीं द्रव्यें तेथें अडतात. शिवाय जनावरांस वैरण मिळते.

(६) कूपनलिका व पुनर्भरण. बंद पडलेली कूपनलिका उघडी ठेवणें म्हणजे घाण पाण्यास खोल झऱ्यापर्यंत सरळ रस्ता करून देणें होय, आणि लहान मुलांच्या जीवासही तें धोक्याचें आहे. तिचें तोंड पक्कें बंद करावें. पावसाचें पाणी विहिरींत सोडून पुनर्भरण करण्याची हल्लीं चाल पडली आहे, व ती स्तुत्य आहे. परंतु खत घातलेल्या शेताचें गढूळ पाणी पिण्याच्या विहिरींत सोडूं नये. दुसऱ्या विहिरींत सोडतांनाही तें दगड, खडी व वाळू यांच्या थरांच्या खड्ड्यांतून गाळून सोडावें. या गाळणींत गाळ अडतो, नायट्रेट अडत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

(७) उपसा. पिण्याच्या विहिरीशेजारीं खोल विहीर पाडून रात्रंदिवस पंप चालविला, तर झरा आपल्याकडे वळतो व गांवची विहीर आटते. मग गांव आणखी खोल कूपनलिका घेतें; आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या कांहीं भागांत खोल पाण्याबरोबर फ्लोराइड वर येऊन दांत व हाडें यांस कायमचा बिघाड झाल्याचीं उदाहरणें आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल अधिनियमानें बंदी केली. पुढें २००९ चा अधिनियम आला, त्यांतही अशा उद्भवांस संरक्षण आहे. परंतु कायद्याचे कागद ज्यानें जन्मभर हाताळले, तो मी खात्रीनें सांगतों कीं गांवानें स्वतः मनावर घेतल्याशिवाय कोणताही कायदा विहिरीच्या कठड्यापर्यंत पोंचत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें शेतीकरितां कूपनलिका घेण्यास स्वतःच बंदी घातली, आणि पडलेला पाऊस मोजून, पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, मग पिकें ठरविण्याचा परिपाठ ठेविला. तेथें हें सक्तीनें झालें नाहीं, ग्रामसभेच्या ठरावानें झालें.

शेवटीं आमच्या पेशास शोभेल अशी एक सूचना करितों. प्रत्येक गांवीं शेतकऱ्यांनीं गांवचा नकाशा घेऊन त्यावर पिण्याच्या पाण्याची विहीर तांबड्या शाईनें दाखवावी. पाऊस पडत असतांना पाणी कोणत्या शेतांवरून विहिरीकडे येतें तें प्रत्यक्ष पाहावें, व त्या गटांची यादी करावी. यादींत पांच रकाने असावेत: गट क्रमांक, पीक, उकिरडा कोठें, कूपनलिका उघडी कीं बंद, ठिबकाला झडप आहे कीं नाहीं. आकार, थकबाकी, दंड हे रकाने त्यांत नकोत. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, पाण्याचा नमुना तपासून घ्यावा आणि त्याचा आंकडा यादीच्या शेवटीं लिहावा. आरोग्यखातें पाणवठ्यांची पाहणी करून गावास हिरवें, पिवळें किंवा तांबडें कार्ड देत असतें. तें कार्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतें, पण त्याचें कारण पुष्कळदां या यादींत सांपडेल.

मीं अशी यादी करून प्रथम बंधूस दाखविली. तो म्हणाला, “अण्णा, विहीर गांवाची आहे, पण शेत आपलें आहे. एकट्या आपल्यानें काय होणार?” मीं त्याच्यापुढें तो साडेचार किलो युरियाचा हिशेब ठेविला आणि शेजारीं पाळण्याकडे बोट केलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें बैलगाडी जुंपली, आणि तीन दिवसांत उकिरडा खालच्या माळाला हलला. आतां उंसाला खत चार हप्त्यांत जातें. यादींतील दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे धनीही तयार झाले आहेत. पांचव्याशीं बोलणें चालू आहे.

विहिरीचें पाणी अद्याप निर्दोष झालेलें नाहीं. मुरमांत मुरलेलें नायट्रेट एका पावसाळ्यांत धुऊन निघत नाहीं, त्यास वर्षें लागतील, आणि तोंपर्यंत गांवांतील तान्ह्या मुलांकरितां पाणी दुसरीकडूनच आणावें लागेल. परंतु नवी भर पडणें थांबलें, तर कमी होण्यास आरंभ होईल. वाचकांनीं आपापल्या गांवचा नकाशा एकदां उघडून पाहावा, आणि विहिरीच्या वरच्या अंगास पहिला गट कोणाचा आहे तें वाचावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.